बंद दिवशी पडलेले सात पाइप

माझे वडील नागभीडजवळच्या तलावात जाळं टाकत. सकाळची मासळी आई टोपलीत घालून बाजारात नेई. मी थोरला, पण माझ्या हाताला जाळं काही बसलं नाही. पाण्याशी नातं मात्र सुटलं नाही. फक्त माझं पाणी जमिनीच्या पोटात होतं. हातपंपाचा मिस्त्री म्हणून मी अठ्ठावीस वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून हिंडलो. कंटाळा नाही आला का, असं लोक विचारतात. कंटाळा यायला माणूस एका जागी बसावा लागतो.

आमचा खरा हंगाम माघ-फाल्गुन. पावसाळ्यात नाले आडवे येतात. चैत्र-वैशाखात पाणी खाली जातं आणि माणसांचा पारा वर. म्हणून थंडी उतरणीला लागली की साहेब यादी हातात देत: उन्हाळा लागायच्या आत आतल्या गावांचे पंप पाहून या. मग मी आणि माझा जोडीदार देवाजी मोटारसायकलवर निघायचो. देवाजी सिंदेवाहीकडचा, माझ्याहून थोडा मोठा, अंगानं धिप्पाड आणि बोलायला कंजूष. मागे पोत्यात पाने-हातोडे, दोरखंड, वॉशर आणि माझ्या बायकोनं दिलेला चिवड्याचा डबा. आठ-दहा दिवस घर दिसत नसे. शाळेच्या पडवीत, कुणाच्या गुरांच्या कोठ्यात, नाहीतर खळ्यावरच्या तणसात झोपायचं आणि उजाडलं की पुढचं गाव धरायचं.

त्या दिवसांतलं जंगल मला अजून झोपेत दिसतं. सकाळी नदीवर एवढं धुकं असायचं की पलीकडचा काठ आहे की नाही, याचीच शंका यावी. गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलत न्यायची, पायाखालून वाळू सरकत असायची, आणि मध्यावर कधीतरी वाटायचं की आपण काही पलीकडे पोचत नाही. आणि नवल म्हणजे त्याचं वाईटही वाटत नसे. दहाच्या सुमाराला धुकं विरायचं आणि एकदम ऊन. सागाची पानं वारा नसतानाही एकेक करून पडत. एक पान पडलं तरी मान वळावी, इतकं शांत. पळस लाल झालेला असे. सावरीच्या झाडावर पान औषधाला नाही, नुसती फुलं, आणि त्यांत भांडणारी पाखरं. मोहाला अजून फूल आलेलं नसे, शेंड्यांना तपकिरी कळ्यांचे झुबके तेवढे.

दुपारी गाडी बंद करून आम्ही झाडाखाली आडवे व्हायचो. देवाजी दोन मिनिटांत घोरायला लागे. मी झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्यातरी गावात असायचो. मनगटावर घड्याळ होतं, पण ते कोणाला वेळ सांगतंय हे कळत नसे. एकदा असाच डोळा उघडला तर चितळांचा कळप आमच्या गाडीभोवती चरत होता. एका मादीनं सीटला नाक लावून पाहिलं आणि तिला ते काही पटलं नाही. मी देवाजीला उठवलं नाही. असं काही पाहिलं की दोघांत वाटून घ्यावंसं वाटत नाही.

आता थोडं धंद्याचं सांगतो. हातपंप वरून दिसतो तेवढा नसतो. दांड्याला साखळी, साखळीला लोखंडी कांब, आणि ती कांब पाइपातून साठ-सत्तर-ऐंशी फूट खाली गेलेली. तळाशी पितळेचं सिलिंडर, त्यात वॉशर. दांडा खाली-वर झाला की वॉशर पाणी वर ढकलतो. बिघाड बहुतेक वेळा त्या वॉशरातच असतो, पण तिथवर पोचायला सगळे पाइप उपसावे लागतात. एकेक पाइप दहा फुटांचा. वरचा सोडवताना खालची सगळी माळ एका लोखंडी पंजात धरून ठेवायची. त्याला आम्ही क्लॅम्प म्हणतो. क्लॅम्प सुटला की माळ पाताळात. हे काम चार-सहा माणसांचं. आम्ही दोघं, आणि दोर ओढायला गाव. हा आमच्यातला कुठे न लिहिलेला कायदा.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. कोरपन्याकडच्या एका गावातून एकाच महिन्यात तीनदा बोलावणं आलं. पंप ठणठणीत, फक्त साखळीचा बोल्ट गायब. तिसऱ्या खेपेला समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं उशाखालून बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "दोपारी डोळा लागत नाई ना भाऊ. खडखड, खडखड. दोन घंटे तं बंद ठेवाले सांगा बायांले." सिंदेवाहीच्या बाजूला एका बाईनं तर दुरुस्तीबद्दलच तक्रार केली. आधी पाण्याला लोखंडाची चव होती, आता पानचट लागतं, म्हणे.

माझी एक ख्याती होती. पंपाच्या बुडाला कान लावून, खडा टाकून, पाणी किती खाली आहे ते मी सांगायचो. दोन हातांपलीकडे चूक होत नसे. देवाजी मला डॉक्टर म्हणायचा. या कानाचा मला फार गर्व होता, म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

कुसुमटोला हे गाव गडचिरोलीच्या आतल्या भागात, नदी आणि दोन नाले ओलांडून. माडिया लोकांची चाळीसेक घरं आणि एकच हातपंप. बोअर खणणारी मोठी गाडी तिथे एकदाच पोचली होती. नंतरच्या पुरात नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, वाहून गेला. म्हणजे हा पंप गेला तर उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत खड्डा करून झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरायचं, दुसरी सोय नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पंप बंदही नव्हता. वॉशर झिजले होते, पाणी वर यायला पन्नास हात मारावे लागत, एवढंच.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. गाव भलतंच शांत. कोणी शेतावर नाही, कोणी लाकूड फोडत नाही, सगळे अंगणात ऊन खात बसलेले. लालसूभाऊ पुढे आले. गावाची पूजाही तेच करत आणि तंटेही तेच सोडवत.

"आज काम नाई होत, मिस्त्रीभाऊ. गाव बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"मोह पडाच्या पहिले एक दिवस पाळतो आमी. आज धरतीले लोखंड लावत नाई. राहा, जेवा. सकाळी सारेच मिळून ओढू."

दुसऱ्या दिवशी माझ्या एकुलत्या एक मुलीचं साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा. पाहुणे येणार, आणि मुलीचा बाप जंगलात. साहेबांनी यादी पूर्ण केल्याशिवाय परत यायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि यादीतलं हे शेवटचं गाव. मी तसं सांगितलं आणि वर शहाणपणा केला: "पंप सरकारचा, मी बी सरकारचा. बंद तुमचा आहे, आमचा नाई. तुमी हात नका लावू. आमी दोघं करून घेतो."

लालसूभाऊंनी पंपाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "पाहा बापा. पोरीचं काम आहे, अडवू कसा." त्यांच्या बायकोनं, कोपेबाईनं, आम्हाला आंबील आणून दिली. देवाजी पिता पिता हळूच म्हणाला, "राहून जाऊ. हे दोघाचं काम नाई." मी ऐकलं नाही.

पहिला पाइप निघाला. दुसरा सोडवायला देवाजी पान्यावर आणि मी क्लॅम्पवर. दोरावर माणसं असती तर माळ ताणलेली राहिली असती. दोर होता, माणसं अंगणात बसून बघत होती. क्लॅम्पचा बोल्ट मी घाईत अर्धाच आवळला होता. पान्याला झटका बसला आणि पंजा सरकला. सात पाइप, कांबा, सिलिंडर, सगळं माझ्या बोटांसमोरून खाली गेलं. आवाज लांबत लांबत गेला, आणि मग खोलातून पाण्याचा भरदार आवाज वर आला. भरपूर पाणी होतं खाली. कान लावायची गरज नव्हती. साऱ्या गावानं तो ऐकला.

मी तारेचा आकडा करून दुपारभर बोअरमध्ये सोडत राहिलो. हाती काही लागेना. ऊन कलल्यावर लालसूभाऊच म्हणाले, "निघा आता. नाला पार करा. घरी पाहुणे येतीन." आठ दिवसांत नीट आकडा घेऊन येतो, असं सांगून मी निघालो.

साक्षगंध छान पार पडलं. मी फोटोत हसतोही आहे. तिसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "कुसुमटोल्याचं काय?" आमच्यातल्या एका मिस्त्रीला असेच पाइप पाडले म्हणून चौकशी लावून घरी बसवलं होतं. मुलीचं लग्न तोंडावर. मी कागद ओढला आणि लिहिलं: पाणी खोल गेले, बोअर कोरडा. देवाजी शेजारी उभा होता. त्या दिवसापासून त्यानं माझ्या डब्यातला चिवडा खाणं सोडलं.

एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? पण ती ओळ पुढे चालतच राहिली. कोरड्या बोअरवर मिस्त्री पाठवत नाहीत. जिथे पाणीच नाही तिथे नवा बोअरही कोणी मागत नाही. आकडा घेऊन परत जावं तर कशासाठी, हे साहेबांना सांगावं लागलं असतं. कुसुमटोला यादीतून गेलं आणि मी यादीच्या आड लपलो. चार माघ असे गेले. मी त्याच जंगलात हिंडत होतो, त्याच पळसाखाली निजत होतो, पण डोळा लागता लागता खोलातून पाण्याचा तो आवाज येई आणि झोप उडे. मी उठून बसायचो, सागाचं पान पडत असायचं, देवाजी घोरत असायचा. मला वाटायचं, हाही जागाच आहे.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या फाल्गुनात देवाजीच्या घरी गेलो. तो आधीच निवृत्त झाला होता. "कुसुमटोल्याला येतोस का?" एवढंच विचारलं. तो आत गेला आणि माळ्यावरून पोतं काढून आणलं. आत लोहाराकडून घडवून घेतलेला आकडा होता, तेल लावून कापडात गुंडाळलेला. "कधी केलास?" म्हटलं. "त्याच वर्षी," तो म्हणाला. "तू म्हणाची वाट पाहून राह्यलो होतो."

नदीवर तसंच धुकं होतं. दोन म्हातारे, एक जुनी गाडी आणि पाण्याचा गारवा पोटऱ्यांपर्यंत. पलीकडे मोह पडायला लागला होता. सगळ्या रानाला तो गोडसर, जड वास. दुसऱ्या नाल्याशी पोचलो तर तिथून गावाकडे एक वाट गेलेली दिसली. ती आधी नव्हती. पांढरी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंचं गवत झिजलेलं. मी गाडी थांबवली. चार उन्हाळ्यांत पायांनी पाडलेली ती वाट कशाची, हे कोणी सांगायची गरज नव्हती. वाटेनं कोपेबाई येत होत्या, डोक्यावर पाण्याचे दोन पितळी गुंड. वाकल्या होत्या.

"आले का मिस्त्रीभाऊ," त्या म्हणाल्या. "थकले असान. पाणी पिवा." आणि डोक्यावरचा गुंड उतरवून त्यांनी मला त्यातलंच पाणी दिलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. पाणी प्यायलो, कारण नको म्हणणं त्याहून वाईट झालं असतं.

पंपाचं डोकं जाग्यावर होतं. ते काढून न्यायला नाला ओलांडून कोण येतो. आम्ही ते उतरवलं आणि दोराला आकडा बांधून खाली सोडला. दीडशे फुटांचा बोअर, तळाशी माळ उभी. तिचं वरचं तोंड ऐंशी फुटांवर कुठेतरी भिंतीला टेकलेलं. न बघता ते अडकवायचं. पहिला दिवस गेला. सकाळी बाया-माणसं मोह वेचायला जात, आम्ही दोघं बोअरशी. दोर बोटांत धरून बसलं की तासच्या तास निघून जात. ऊन अंगणात सरकत जाई, कोंबड्या पायांवरून चालत, कुठेतरी कोणी गोंडीत काही गुणगुणत असे, आणि दोराच्या टोकाला अंधारात आपलं बोट काहीतरी चाचपतंय असं वाटत राही. वडील तलावावर असेच बसत. मला तेव्हा ते नुसते बसलेले वाटायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी लालसूभाऊ शेजारी येऊन बसले. मी दोरावरची नजर न काढता सांगून टाकलं. पाइप माझ्या चुकीनं पडले, आणि मी कागदावर बोअर कोरडा लिहिला.

"मालूम आहे," ते म्हणाले.

"काय मालूम आहे?"

"साहेब आला होता ना, त्याच साली चैतात. पुसला, मिस्त्रीनं बोअर कोरडा लिहिला, खरं आहे का. आमी सांगतलो, पाणी आटला. सारे आंगठे देलो कागदावर."

मी दोरावरची नजर उचलली. "पाण्याचा आवाज तं साऱ्यांनी आयकला होता. काऊन असं सांगतलं?"

"खरं सांगतलो असतो तं तुमची नोकरी जात होती. पोरीचा लगन होता." मग म्हणाले, "अन् त्या दिवशी गाव बंद होता. बंदच्या दिवशी गावात जे बिघडते ते गावाचा. आमी तुमाले अडवाले पायजे होतो, नाई अडवलो. तुमी परके, तुमाले काय मालूम? चूक आमची. कोंबडा देलो आमी त्याच्या नावानं."

मला राग आला. माझा मला यायला हवा होता, आला त्यांचा. म्हटलं, "चार उन्हाळे झिऱ्याचं पाणी भरलं तुमी. एक शब्द बोलले असते तं महिन्याभरात पाइप निघाले असते." कोपेबाई दारात मोह वाळवत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "पोरगी नांदते ना बरी?" बरी आहे, म्हटलं. मग मात्र मला रडू आलं, आणि देवाजी उठून बिडी ओढायला नाल्याकडे गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोराला जड लागलं. वडील सांगत, मासा लागला म्हणून लगेच हिसडा मारू नये, तोंडातून निसटतो. मी दोर तसाच धरून ठेवला, बोटभर वर, बोटभर खाली. वजन हललं. देवाजीकडे पाहिलं, त्यानं तोंडात दोन बोटं घालून शिटी मारली. मोहाच्या टोपल्या जागच्या जागी टाकून गाव धावत आलं. लालसूभाऊ पहिल्या नंबरला, मागे बाया, माणसं, सगळे दोरावर. क्लॅम्पचा बोल्ट मी आवळला, देवाजीनं तपासला, मी परत आवळला. एकेक करून सातही पाइप वर आले, गंजलेले, ओलेचिंब. शेवटी सिलिंडर आलं आणि त्यातलं पाणी लालसूभाऊंच्या पायावर सांडलं.

वॉशर मी घरून आणले होते. चार पाइपांच्या टोकांच्या चुड्या, म्हणजे आटे, खराब झाल्या होत्या, त्या घासून साफ करायला दुपार गेली. दिवस कलायच्या आत पंप उभा राहिला. दांडा कोपेबाईंनी मारावा असं मी म्हटलं. त्यांनी मारला. बाराव्या हाताला पाणी आलं, आधी लाल, मग स्वच्छ.

निघताना मी लालसूभाऊंना म्हणालो की ऑफिसात जाऊन सगळं खरं लिहून देतो. आता माझी नोकरी जायची भीती नाही, काय व्हायचं ते होऊ दे. ते एकदम गंभीर झाले.

"नका सांगू."

"काऊन?"

"साऱ्या गावाचे आंगठे आहेत त्या कागदावर, पाणी आटला म्हून. तुमी खरं सांगसान, तं गाव खोटा पडते. आमच्या गावानं आजवर खोटं बोललं नाई."

मी शब्द दिला. म्हणून हे लिहिताना गावाचं नाव आणि माणसांची नावं बदलली आहेत. कोणी साहेब वाचत असतील तर त्यांनी शोधायला जाऊ नये. गेलेच, तर तिथली माणसं त्यांना आजही सांगतील की बोअर कोरडा आहे, आणि सांगता सांगता त्याच बोअरचं पाणी प्यायला देतील.